सोळा स्प्रिंगांची सजगता

सूनबाईने अहवालाचा कागद तिसऱ्यांदा वाचला आणि टेबलावर उपडा ठेवला. उपडा ठेवल्याने त्यातला मजकूर बदलणार नव्हता, पण निदान नाश्ता होईपर्यंत तो दिसणार नव्हता.

"काय म्हणतात?" सासऱ्यांनी विचारलं.

"काही नाही, बाबा."

"काही नाही म्हणायला त्यांनी दीड पान खर्च केलं?" सासऱ्यांनी कागद उलटा केला, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'व्यायामप्रकार अचूक. स्वच्छता समाधानकारक. सजगतेचा संपूर्ण अभाव. विद्यार्थ्यांचे शरीर वर्गात व मन अन्यत्र असल्याचे दिसून आले. साधनांचा आवाज एकाग्रतेस बाधक. गुरुवारी सकाळी आठ वाजता फेरतपासणी.' ही सजगता म्हणजे काय गं?"

"जे करतोय त्याच्याकडे लक्ष असणं."

"मग सरळ 'लक्ष' म्हणा की. दोन अक्षरं वाढवून काय मिळतं यांना?"

"होईल सगळं नीट," नवरा म्हणाला. तो फोनकडे बघत बोलल्यामुळे हे नक्की कोणाला म्हणाला ते कळलं नाही.

सूनबाई पिलाटेस नावाचा व्यायामप्रकार शिकवत असे. तिचा वर्ग एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत भरे, आणि त्यात पाठीच्या दुखण्याचे लोक येत. त्यांना हाडांचं रुग्णालय पाठवत असे, पण फक्त मान्यताप्राप्त वर्गाकडेच पाठवायचं असा रुग्णालयाचा नियम होता. म्हणजे मान्यता गेली की रुग्ण गेले, रुग्ण गेले की वर्ग गेला, आणि वर्ग गेला की सूनबाईला पुन्हा औषधांच्या कारखान्यात जाऊन बाटल्यांवरची लेबलं सरळ चिकटली आहेत का हे बघत बसावं लागलं असतं. ते तिने नऊ वर्षं बघितलं होतं. स्वप्नातसुद्धा तिला बाटल्या दिसत, आणि त्याही तिरक्या लेबलांच्या.

खोलीत चार मशीन होती. प्रत्येक मशीन म्हणजे एक लांबट लाकडी चौकट, तिच्यात रुळांवर पुढेमागे सरकणारी गादी, आणि गादीला मागे खेचून धरणाऱ्या चार स्प्रिंगा. गादीवर आडवं व्हायचं, समोरच्या दांडीवर पाय टेकवायचे आणि स्प्रिंगांच्या ताणाविरुद्ध स्वतःला सावकाश दूर ढकलायचं. ढकलताना श्वास सोडायचा, परत येताना घ्यायचा, आणि मन त्या श्वासाबरोबर ठेवायचं. शरीराचा भाग सगळ्यांना जमत होता. अडत होतं ते मनाचं.

चार मशीनवर चौघे असत. दोन नंबरवर वकीलबाई. त्या छताकडे बघत मनातल्या मनात उलटतपासणी घेत, आणि साक्षीदार अडकला की त्यांचे ओठ हलत. तीन नंबरवर दातांचे डॉक्टर. ते श्वास मोजायच्या ऐवजी दाढा मोजत. चार नंबरवर ग्रंथपालबाई, ज्यांच्या मनात परत न आलेल्या पुस्तकांची यादी सतत चालू असे. आणि एक नंबरवर खुद्द सासरे. त्यांची कंबर गेल्या वर्षी धरली होती, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला इलाज सुनेच्याच वर्गात निघाल्यामुळे त्यांना पळवाट उरली नव्हती.

सासऱ्यांनी एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. तळमजल्यावर उभं राहून, सातव्या मजल्यावरच्या चाकाचं काय दुखतंय हे ते आवाजावरून सांगत. अशा माणसाला चार कुरकुरणाऱ्या मशीनच्या मधोमध झोपवून 'फक्त श्वासाकडे लक्ष द्या' म्हणणं म्हणजे मांजराला मासळीबाजारात नेऊन ध्यान लावायला सांगण्यासारखं होतं.

"बाबा, डोळे मिटा. काय जाणवतंय?"

"तीन नंबरचं डावं चाक गेलंय."

"तुमच्या आत काय जाणवतंय?"

"आतून वाटतंय की तीन नंबरचं डावं चाक गेलंय."

"मशीनला हात लावायचा नाही, बाबा."

"मी कुठे लावतोय? मी आपला श्वास घेतोय. त्यात त्याचा आवाज येतोय, त्याला मी काय करू?"

तर असा हा वर्ग. तपासणीला आलेल्या निरीक्षकबाईंनी त्याच्याबद्दल जे लिहिलं त्यात एक शब्द खोटा नव्हता, आणि सूनबाईला तेच जास्त लागलं होतं.

बुधवारी सूनबाई दिवसभरासाठी मान्यता देणाऱ्या संस्थेच्या शिबिराला गेली. शिबिराचा विषय होता 'वर्गात सजगता कशी आणावी'. घरात सासरे एकटे होते. समोर अहवाल होता, आणि त्यातलं एक वाक्य त्यांनी पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं: साधनांचा आवाज एकाग्रतेस बाधक. सजगता वगैरे त्यांच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती, पण आवाज हे थेट त्यांचं खातं होतं. सून एवढी राबते, आपण नुसते तिच्या गादीवर लोळतो, ही गोष्ट त्यांना बरेच दिवस खात होती. साडेदहाला त्यांनी पलंगाखालची हत्यारांची पेटी ओढून काढली, वर्गाची जादा किल्ली घेतली आणि हळूहळू, कंबर सांभाळत, ते चष्म्याच्या दुकानावरचा जिना चढले.

दुपारी एकपर्यंत चाकं, बेअरिंग आणि रूळ झाले. गादीला बोट लावलं तरी ती लोण्यावरून गेल्यासारखी जात होती. इथे ते थांबले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण हात पुसता पुसता त्यांनी सहज पहिल्या मशीनची एक स्प्रिंग ओढून बघितली. मग शेजारची ओढली. मग त्यांच्या भुवया वर गेल्या.

चारही स्प्रिंगा वेगवेगळ्या ताकदीच्या होत्या!

लिफ्टच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवतात: डब्याला चार दोर असतील तर चौघांवर ताण सारखा हवा. एकावर जास्त पडला की तो आधी झिजतो, आणि मग बाकीचे. इथे तर दोन स्प्रिंगा जड, एक मध्यम आणि एक अगदीच हलकी, आणि चौघी मिळून एकच गादी ओढत होत्या. दुसऱ्या मशीनवर तेच. तिसऱ्यावर, चौथ्यावर तेच. म्हणजे मशीन जोडणाऱ्यानेच घोळ घातला होता, आणि बिचारी पोर पाच वर्षं तसंच चालवून घेत होती.

खरं म्हणजे या वेगळेपणातच त्या मशीनची सगळी करामत होती. कुठल्या व्यायामाला कुठली स्प्रिंग गादीला अडकवायची आणि कुठली सोडून ठेवायची, हे ठरलेलं असतं. सुरुवातीला स्प्रिंगांच्या टोकांना त्यासाठी रंग होते, पण रोजच्या हाताळणीत ते केव्हाच उडून गेले होते. सूनबाईला त्यांची गरज नव्हती. डावीकडच्या दोन जड, मग मध्यम, मग उजवीकडे हलकी, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. बऱ्याचदा ती ते झोपेत असल्यासारखंच सांगत असे.

सासऱ्यांनी सोळाही स्प्रिंगा उतरवल्या. हुकाच्या वजनकाट्याला एकेक अडकवून, सारख्या अंतरापर्यंत ओढून, प्रत्येकीची तीन तीन वजनं घेतली आणि सरासरी काढली. काम कसं व्हायला हवं तसं होत होतं. आठ जड भरल्या, चार मध्यम, चार हलक्या. एवढा चोख हिशेब जुळल्यावर त्यांना शंका घ्यायला जागाच राहिली नाही. त्यांनी एक आणि दोन नंबरच्या मशीनला सगळ्या जड लावल्या, तीनला सगळ्या मध्यम, चारला सगळ्या हलक्या. प्रत्येक गादीला अखेर समान न्याय मिळाला. घरी येऊन त्यांनी अंघोळ केली आणि संध्याकाळी सूनबाई दमून आली तेव्हा तिला स्वतः चहा करून दिला.

"काय हो बाबा, आज एकदम खुशीत?"

"उद्या काळजी करू नकोस," ते म्हणाले. चकित करायचं म्हणून यापुढे त्यांनी तोंड उघडलं नाही.

गुरुवारी आठला पाच मिनिटं कमी असताना निरीक्षकबाई आल्या. सडपातळ, करड्या कपड्यांतल्या, आणि बोलण्यापेक्षा लिहिणं पसंत करणाऱ्या. त्यांनी कोपऱ्यातल्या स्टुलावर बैठक मारली, पॅड मांडीवर घेतलं आणि पेनाचं टोपण काढलं. त्या टोपणाचा आवाज वर्गात सगळ्यांना ऐकू आला.

"डोळे मिटा," सूनबाईने सुरुवात केली. "आपण कुठे आहोत ते जाणवू द्या. पाठ गादीला टेकलेली. डावीकडच्या दोन स्प्रिंगा. श्वास घ्या... आणि सोडत सोडत दूर जा."

ग्रंथपालबाई त्या वेळी 'क' अक्षराने सुरू होणाऱ्या बुडीत पुस्तकांपाशी होत्या. तीन वर्षं त्या ज्या जोराने दांडीला ढकलत आल्या होत्या, त्याच जोराने त्यांनी ढकललं. गादी एका झपाट्यात खोलीच्या दुसऱ्या टोकाकडे निघाली, रबरी ठोकळ्यावर धप्पकन आपटून थांबली आणि मग अगदी निवांतपणे परत यायला लागली.

"अगं आई गं!" ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्यांचा खरा आवाज वर्गाने पहिल्यांदाच ऐकला. तो चांगला खणखणीत होता.

शेजारी दातांचे डॉक्टर मात्र खुलले होते. रोज जिथे मांड्या थरथरत तिथे आज काहीच लागत नव्हतं. "मॅडम, फरक पडला बरं का! वीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटतंय!"

सूनबाईला घाम फुटला. खोलीत काहीतरी कमी होतं, आणि काय ते तिला आत्ता कळलं. कुरकुर नव्हती. ती एक नंबरवर वाकली आणि खांदा सरळ करतोय असं दाखवत कुजबुजली, "बाबा, काय केलंत?"

"चाकं, बेअरिंग, रूळ," सासरे तितक्याच हळू म्हणाले. "आवाज आला का एक तरी? नाही ना?"

"तेवढंच?"

"आणि स्प्रिंगा सारख्या केल्या. कुठल्या गाढवाने प्रत्येक मशीनला वेगवेगळ्या ताकदीच्या लावून ठेवल्या होत्या."

ते गाढव म्हणजे सूनबाईच होती. "बाबा, त्या तशाच असतात! मुद्दाम!"

"मुद्दाम?" सासऱ्यांचा चेहरा उतरला. "अगं मग आधी सांगायचं ना!"

"हात लावू नका म्हणून रोज सांगत होते!"

"हात लावू नका म्हणालीस. का ते कुठे सांगितलंस?"

"आता कुठे काय आहे?"

"एक-दोन जड. तीन मध्यम. चार हलक्या. सरासरीसकट कागदावर आहे सगळं. कागद घरी आहे."

सूनबाई सरळ उभी राहिली. वर्ग थांबवला तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं तर संपलंच. मान्यतेच्या नियमावलीत 'साधनांत अनधिकृत फेरफार' या शब्दांपुढे फक्त एकच शिक्षा लिहिलेली होती. वर्ग तसाच चालू ठेवला तर कोणीतरी आपटणार. तिच्या डोळ्यांपुढून एक बाटली गेली. लेबल तिरकं होतं.

"आज," ती म्हणाली, "प्रत्येकाला मी वेगळं सांगणार आहे. माझ्याकडून ऐकल्याशिवाय कोणीही बोटसुद्धा हलवायचं नाही."

हे ती अशा आवाजात म्हणाली की चौघांचेही डोळे खाडकन उघडले.

मग तिने जे केलं ते पाच वर्षांत केलं नव्हतं. तिने बघितलं. चार हलक्या मिळून एका जड स्प्रिंगपेक्षा थोड्या भारी, असा तोंडी हिशेब करून ग्रंथपालबाईंना चारही स्प्रिंगा लावायला लावल्या आणि त्यांच्या दोन्ही घोट्यांवर नजर ठेवली. "एक वीत जा. फक्त एक वीत. आता थांबा. पोट आत. घोटे बघतेय मी." ग्रंथपालबाईंनी एक वीत जाताना पृथ्वीवरची सगळी पुस्तकं माफ केली. डॉक्टरांना तीन स्प्रिंगा दिल्या. त्यांच्या गुडघ्यात कुठे कंप सुटतो ते तिने शोधलं, आणि तिथेच त्यांना थांबवलं. वकीलबाईंच्या दोन जड स्प्रिंगा बरोबर होत्या, पण तेल दिलेल्या रुळांवर गादी अशी परत येई की पाय जराही ढिला सोडायची सोय नव्हती.

"हे असं कसं चालेल, मॅडम?" वकीलबाई दातओठ खात म्हणाल्या. "मला कशाचा विचारच करता येत नाहीये!"

कोपऱ्यात पेन चाललं.

यानंतर चौकटीला बांधलेले पट्टे हातांनी ओढून गादी सरकवायचा व्यायाम होता, आणि तो सगळ्यांत हलक्या स्प्रिंगवर करायचा असतो. हलक्या फक्त ग्रंथपालबाईंकडे होत्या. बाकी तिघांना सूनबाईने असेल ती उजवीकडची एक लावायला सांगितलं. वकीलबाईंनी पट्टे ओढले. गादी ढिम्म. डॉक्टरांनी ओढले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि गादी चार बोटं सरकून परत गेली. दहा मिनिटांत त्यांचं तारुण्य येऊन गेलं होतं.

"हलवायची नाही," सूनबाई घाईघाईने म्हणाली. "पट्टे ताणून धरा आणि गादी जागच्या जागी ठेवा. न हलणाऱ्या गोष्टीतही किती काम असतं ते जाणवू द्या."

"न हलणारी गोष्ट मीच आहे," वकीलबाई पुटपुटल्या, पण त्यांनी पट्टे सोडले नाहीत.

सासरे एक नंबरवर दोन्ही पट्टे धरून निपचित पडले होते. सुनेच्या कपाळावरचा घाम त्यांना दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदाच एखादं मशीन इतकं सुरेख चाललेलं असताना त्यांना त्याची लाज वाटत होती.

पाऊण तास गेला. खोलीत सहा माणसांच्या श्वासाखेरीज काही ऐकू येत नव्हतं. खाली चष्म्याच्या दुकानात कोणाच्या तरी हातून काहीतरी फुटलं, पण वर एकानेही मान वळवली नाही. शेवटी सूनबाईने "उठा" म्हटलं तेव्हा चौघे इतक्या जपून उठले, जणू जमिनीलाही स्प्रिंगा लावलेल्या असाव्यात.

निरीक्षकबाई स्टुलावरून उतरल्या. "असा वर्ग मी बघितलेला नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. "गेल्या वेळी ही माणसं इथे नव्हतीच. आज एक क्षणही कोणी बाहेर गेलं नाही. आणि तुम्हीसुद्धा! गेल्या वेळी तुम्ही घड्याळाकडे अकरा वेळा बघितलं होतं. आज एकदाही नाही. हे तीन दिवसांत कसं केलंत?"

"सराव," सूनबाई म्हणाली.

"मलाही करून बघायचंय." निरीक्षकबाईंनी पॅड स्टुलावर ठेवलं, चपला काढल्या आणि सरळ चार नंबरच्या मशीनकडे निघाल्या. "डावीकडच्या दोन ना?"

ग्रंथपालबाईंनी तोंडावर हात ठेवला. सासरे खोकले. निरीक्षकबाई गादीवर आडव्या झाल्या, पाय दांडीवर टेकले. दोन पावलांवर मान्यता होती. पाऊण तास ती पकडून ठेवली होती, आता फक्त गप्प बसायचं होतं.

"थांबा," सूनबाई म्हणाली. "ढकलू नका. स्प्रिंगा चुकीच्या आहेत. चारही मशीनच्या."

"चूक माझी आहे," सासरे पुढे झाले. "हिला काही माहीत नव्हतं. मी लिफ्टचा माणूस. मला वाटलं सगळ्या सारख्या पाहिजेत."

सासऱ्यांनी सगळं सांगितलं, अगदी सरासरीसकट. निरीक्षकबाई पाय दांडीवर तसेच ठेवून छताकडे बघत ऐकत होत्या.

"म्हणजे आज ही मंडळी," त्या शेवटी म्हणाल्या, "सजग नव्हती. घाबरलेली होती."

"मी घाबरले नव्हते," ग्रंथपालबाई ठाम आवाजात म्हणाल्या. "पहिल्यांदा घाबरले. नंतर मला वेळच नव्हता."

"फेरफार झाला हे मान्य," वकीलबाई म्हणाल्या, "पण हेतू बघायला हवा. शिवाय लपवण्याची संधी असताना त्या स्वतः—"

"तुम्ही थांबा हो," निरीक्षकबाई म्हणाल्या. "नियम मला पाठ आहेत." त्या जराशा उठल्या, चार स्प्रिंगांकडे बघितलं, आणि परत आडव्या झाल्या. "चारही लावल्या तर चालेल ना? तुम्ही सांगा. मी ऐकते."

सूनबाईने चारही लावल्या. ती बाजूला गुडघ्यांवर बसली आणि सांगत गेली. एक वीत. थांबा. श्वास. अजून दोन बोटं. उजवा घोटा आत वळतोय. आता परत, पण गादीला आणू देऊ नका, तुम्ही आणा. निरीक्षकबाईंच्या कपाळावरची आठी आधी खोल झाली आणि मग हळूहळू नाहीशी झाली. दहा वेळा झाल्यावर त्या उठून बसल्या आणि बराच वेळ स्वतःच्या पायांकडे बघत राहिल्या. ते बहुतेक त्यांना बऱ्याच दिवसांनी भेटले असावेत.

"बावीस वर्षं मी लोकांचं लक्ष तपासतेय," त्या म्हणाल्या. "आणि स्वतः व्यायाम करताना पुढच्या अहवालाचं पहिलं वाक्य जुळवत असते. आत्ता वाक्य आलंच नाही."

मग ते आलं, आणि त्यांनी लिहिलं. 'सजगता: उत्तम. साधने: दुरुस्तीखाली, आठ दिवसांत पूर्ववत करून कळविणे. मान्यता कायम. सहा महिन्यांत पूर्वसूचना न देता पुन्हा भेट.'

सासऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी सोळाही स्प्रिंगा जागच्या जागी लावल्या आणि टोकांना ताजा रंग दिला. तेवढी शिक्षा त्यांनी आपणहून घेतली. पुढच्या वर्गात सगळं सुरळीत होतं, आणि नेमकं तेच नडलं. तिसऱ्या व्यायामाला डॉक्टर दाढांपाशी पोहोचले होते. वकीलबाईंचे ओठ हलू लागले. ग्रंथपालबाईंनी जांभई दिली. आणि "श्वास घ्या" म्हणता म्हणता सूनबाईलाच एकदम आठवलं की इस्त्रीचे कपडे आणायचे राहिलेत.

"मॅडम," वर्ग संपल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "आमचं काहीतरी बिघडवून द्या ना!"

विचार करून एक पद्धत ठरली. रोज वर्गाआधी सासरे दार लावून पंधरा मिनिटं आत जाणार आणि कुठल्या तरी एका मशीनवर एकच स्प्रिंग, तीही एकाच पायरीने, म्हणजे जडच्या जागी मध्यम अशी, बदलणार. सूनबाईला विचारून, कोणाला इजा होणार नाही अशी. कुठल्या मशीनवर, हे त्या दोघांखेरीज कोणाला कळू द्यायचं नाही. पहिल्या आठवड्यानंतर सूनबाई म्हणाली, "बाबा, मलाही सांगू नका. मला कळलं की मी बाकीच्या तिघांकडे बघतच नाही."

वर्ग असा चालू लागला की विचारायची सोय नाही. बंद दाराआड पान्याची खणखण सुरू झाली की जिन्यातच लोक गप्प होत. सासरे हात पुसत बाहेर येत आणि कोणाच्याही नजरेला नजर देत नसत. निरीक्षकबाई पाचव्या महिन्यात अचानक येऊन गेल्या आणि जाताना स्वतःचं नाव नोंदवून गेल्या. जागा नव्हती, म्हणून प्रतीक्षायादीत.

एके दिवशी रुग्णालयाने सगळ्या स्प्रिंगांची ताणनोंद मागितली. सूनबाई सासऱ्यांचा वजनकाटा घेऊन वर्ग संपल्या संपल्या बसली. सोळाही स्प्रिंगा जागच्या जागी होत्या. तिला वाटलं, बाबांनी परत लावल्या असतील. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा मोजल्या. तिसऱ्या दिवशीही. दहा दिवसांची वाचनं कागदावर मांडून तिने तो कागद सासऱ्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.

सासऱ्यांनी चष्मा लावून तो वाचला. "वाचनं व्यवस्थित घेतली आहेस," ते म्हणाले.

"कधीपासून, बाबा?"

"दुसऱ्या आठवड्यापासून. वाकून वाकून कंबर धरायला लागली. म्हटलं एक दिवस नाही बदलली तर काय होतंय. काहीच झालं नाही."

"परवा वकीलबाई म्हणाल्या, आज दोन नंबर चांगलाच जड आहे!"

"त्यांनी एकदा म्हटलं की म्हटलं. मी कशाला अपील करू?"

"आणि डॉक्टर म्हणाले, माझा हलका आहे."

"त्यांना बरं वाटतंय ना? मग वाटू दे."

"मग दार लावून पंधरा मिनिटं आत काय करता?"

"पहिली दोन मिनिटं पाना वाजवतो," सासरे म्हणाले. "मग तीन नंबरवर जरा पडतो. उजेड बरा असतो तिथे."

"आणि वर्गात? तुम्ही स्वतः काय करता? तुम्हाला तर माहीत असतं काही बदललेलं नाही."

सासऱ्यांनी चहा संपवला. एक नंबरवर गेले पाच महिने ते डोळे मिटून काय करत होते, हे सूनबाईच्या आत्ता लक्षात आलं. तिला त्यांच्या श्वासाची ती झोपेतल्यासारखी संथ लय फार सजग वाटत असे.

दुसऱ्या दिवशी सासरे जिना चढून वर आले तेव्हा दार आतून बंद होतं. आतून पान्याची खणखण ऐकू आली. दोन मिनिटांनी ती थांबायला हवी होती, पण थांबली नाही. वकीलबाई, डॉक्टर आणि ग्रंथपालबाई जिन्यात गप्प उभे होते. आज पहिल्यांदाच सासरेही त्यांच्याबरोबर गप्प उभे होते.

पंधरा मिनिटांनी सूनबाई हात पुसत बाहेर आली. तिने कोणाच्याही नजरेला नजर दिली नाही.

"कुठलं बदललंस?" सासऱ्यांनी आत जाता जाता हळूच विचारलं. "बदललंस का तरी?"

"आडवे व्हा, बाबा."

सासरे एक नंबरवर आडवे झाले. त्यांनी कान टवकारले, पण रुळांना त्यांनी स्वतःच तेल दिलेलं होतं आणि मशीन काहीच सांगत नव्हतं. त्यांनी पायाची बोटं दांडीवर एकेक करून टेकवली. मग टाच. मग पोट आत घेतलं, जे इतक्या महिन्यांत कधी घेतलं नव्हतं.

"अगं, निदान जड की हलकं एवढं तरी—"

"बोलू नका," सूनबाई म्हणाली. "श्वास सोडा."